जिवतीचं तोंड

हरिहरने एडनला जाऊन काय मिळवलं असं कुणी विचारलं, तर त्याची बायको लक्ष्मी सांगे, "पगार मिळवला आणि पित्त मिळवलं." तिसरीही एक गोष्ट त्याने मिळवली होती, पण ती सांगण्यासारखी आहे असं कल्याणच्या त्या आळीत कुणालाच वाटलं नसतं. भिक्षुकाचा मुलगा, चार बुकं इंग्रजी शिकून लष्कराला रसद पुरवणाऱ्या कमिसरिएटच्या कचेरीत कारकुनी करायला समुद्रापार गेला आणि येताना चित्रं काढायचं वेड घेऊन आला, हे चारचौघांत सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

एडन त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडे, पण ते सरकारच्या कागदावर. राहणाऱ्याला तो परमुलूखच. चहूकडे करपलेला काळा डोंगर, गवताची काडी नाही, आणि पाणीसुद्धा उंटावरून विकत यायचं. कचेरीतून आलं की हरिहर खाटेवर बसून भिंतीकडे बघत राही. बायकोमुलांची आठवण यायची, पण त्याहून जास्त आठवण हिरव्या रंगाची यायची. बापाने असं असू नये, असं त्याला वाटे, आणि मग तो पुन्हा भिंतीकडे बघे.

शेजारच्या खोलीत त्याचे वरिष्ठ राघोपंत सपत्नीक राहत. त्यांचा एकुलता मुलगा शिक्षणासाठी आजोळी ठेवलेला होता. श्रावण जवळ आला तशी वहिनींची घालमेल सुरू झाली. श्रावणातल्या शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात, मुलांना ओवाळतात, आणि मूल परगावी असलं तर चारी दिशांना अक्षता टाकतात; कुठल्यातरी दिशेला ते असणारच. पण त्यासाठी भिंतीवर जिवती हवी, मांडीवर मूल घेऊन पोरांच्या घोळक्यात बसलेली. वहिनींनी तिचा छापील कागद मुंबईहून मागवला होता. तो आगबोटीत भिजून लगदा होऊन हाती आला.

"भाऊजी, तुम्ही लहानपणी चित्रं काढत होतात ना? तुम्हीच बोलला होतात मागे," वहिनी म्हणाल्या.

"काढायचो. आता कुठलं जमतंय!"

"न जमायला काय झालं? अक्षता काय मी कोऱ्या भिंतीवर टाकू?"

बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून हरिहर बसला. कोळसा, हळद, कुंकू आणि कपड्यांना घालायची नीळ एवढंच सामान. पहिली रेघ त्याने चोरासारखी ओढली, आणि दुसरी ओढताना त्याच्या लक्षात आलं की मनगटाला वळण ठाऊक आहे. खांद्याची गोलाई, पदराचा काठ, पाळण्याची दोरी, सगळं आपापल्या जागी येऊन बसत होतं. 

हे वळण त्याचं नव्हतंच. ते त्याच्या थोरल्या बहिणीचं, सुमतीआक्काचं. घरची जिवती दर श्रावणात आक्का भिंतीवर गेरूने काढायची. पुढे तिचा नवरा पटकीने गेला. तिने सासरचा उंबराही अजून ओलांडला नव्हता, पण तेव्हापासून तिच्या हातची शुभाची रेघ बंद झाली. आईला चित्र येईना. तेव्हा आक्काने तोड काढली. लहानग्या हरीला भिंतीसमोर पाटावर उभा करायचा, मागून त्याचं मनगट धरायचं, आणि काढायचं. हात पोराचा, मग अशुभ कसलं? आईने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. चार-पाच श्रावण असे गेले. मग आक्काचे केस उतरले, अंगावर विधवेचं तांबडं आलवण आलं. हरी इंग्रजी शाळेत गेला. पाटीवरचा घोडा पाहून वडील म्हणाले, "चिताऱ्याच्या घरी जन्म घ्यायचा होतास," आणि तिथे सगळं संपलं.

ते एडनच्या खोलीत पुन्हा सुरू झालं. हरिहरला इतका आनंद झाला की जेवायचं राहून गेलं. वहिनींनी चित्र पाहिलं, हात जोडले, आणि जरा वेळाने म्हणाल्या, "ही ओळखीची वाटते हो कुणीतरी."

"देवी सगळ्यांच्याच ओळखीची," हरिहर हसून म्हणाला.

त्यानंतर त्याला धीर राहिला नाही. कचेरीतल्या रद्दी कागदांच्या पाठीवर त्याने पाणीवाले काढले, खडकावर चढलेल्या बकऱ्या काढल्या, शिडं शिवणारे खलाशी काढले, झोपलेले राघोपंत काढले. ज्या गावात बघण्यासारखं काही नाही म्हणून तो रडत होता, तिथे त्याला दिवस पुरेना. कागद मात्र तो गादीखाली दडवून ठेवी. बाप्या माणूस, पोराबाळांचा धनी, आणि चित्रं काढतोय! कुणी दार वाजवलं की त्याचे कान लाल होत.

परत आल्यावर व्हायचं ते झालं. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त आलं. श्रीपादशास्त्री हे आळीतले मोठे वैदिक, त्यांच्यापुढे हरिहरने मुंडण करून पंचगव्य घेतलं, ब्राह्मणभोजन घातलं, तेव्हा कुठे पंगतीत पान मिळालं. तेही टोकाचं. लोक बोलत, हसत, आणि पाण्याचा तांब्या मात्र जरा लांबूनच सरकवत. हरिहरला हे सोसणं भाग होतं, कारण थोरल्या मुलीचं लग्न ठाण्यातल्या एका चांगल्या घरी ठरत आलं होतं. मार्गशीर्षात बार उडवायचा. ती मंडळी शास्त्रीबुवांच्या शब्दाबाहेर नव्हती. बुवांनी नुसती मान हलवली असती, तरी सोयरीक मोडली असती.

त्याला ठाण्याच्या कचेरीत जागा मिळाली. कल्याणहून गाडीने जायचं, संध्याकाळी यायचं. मासुंदा तळ्याच्या अंगाला परशुरामपंतांचा शिळाछापखाना होता. पंचांग, लग्नाच्या कुंकोत्र्या आणि श्रावणात जिवतीचे कागद तिथे छापत. परशुरामपंतांची जिवती पूतनेसारखी दिसते, असं खुद्द गिऱ्हाईक बायकाच म्हणत. हरिहर एकदा कुंकोत्रीच्या चौकशीला म्हणून तिथे गेला, छपाईचे दगड बघत उभा राहिला, आणि हळूच म्हणाला, "यंदाची जिवती मी काढून पाहू? नाव मात्र घालू नका."

"फुकट काढणार? मग नाव कशाला घालतोय मी!" परशुरामपंत म्हणाले.

शिळाछापाची गंमत अशी की दगडावर सगळं उलटं काढायचं. डावा हात उजवीकडे, उजवा डावीकडे. कागदावर उतरताना ते सुलटं होतं. हरिहर कचेरी सुटल्यावर रोज तिथे बसे. तेलकट शाईने दगडावर त्याने जिवती मांडली. भरल्या केसांची, ठसठशीत कुंकवाची बाई. दगडावर ती कुणीतरी परकीच बाई वाटत होती. भुवईत एका ठिकाणी जरा खंड पडल्यासारखा दिसला. शाई धरली नसेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

पहिला कागद दगडावरून उचलून परशुरामपंतांनी त्याच्यासमोर धरला. कागदावर आक्का बसली होती. लहानपणी जात्यावर पडून मधोमध तुटलेली डावी भुवई, हनुवटीतली खळी, काहीतरी सांगायच्या बेतात असलेले ओठ. आक्का, पण तिला केस होते, कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, मांडीवर मूल होतं आणि खांद्यावर पोरं चढत होती. एडनच्या जिवतीत वहिनींना कोण दिसलं होतं, ते त्याला आत्ता कळलं. त्याच्या हाताला जिवती म्हणून दुसरं तोंड ठाऊकच नव्हतं.

"काही बदलायचंय का?" परशुरामपंतांनी विचारलं.

बदलायला हवं होतं. हरिहरला ते शंभर वेळा कळत होतं. विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र घालून तिला लेकुरवाळ्या बायकांच्या देव्हाऱ्यात बसवायचं, म्हणजे आपल्या हाताने आपल्या घराला काडी लावणं. पण ते तोंड पुसायला त्याचा हात होईना. इतकं चांगलं त्याने आयुष्यात काही काढलं नव्हतं. शिवाय त्याने मनाशी हिशेब केला, की ओळखणार कोण? आलवणाच्या आत एक तोंड असतं, हे आळीत किती जणांच्या ध्यानात होतं?

"नाही, छापा," तो म्हणाला.

आक्काला त्याने कागद दाखवला नाही. दाखवला असता तर तिने तिथल्या तिथे मोडता घातला असता. पहिला शुक्रवार पार पडला की दाखवू, असं त्याने ठरवलं. आदल्या संध्याकाळी गुंडाळी घरी आणली ती सरळ लक्ष्मीच्या हातात दिली, आणि तिने आळीतल्या घरांत कागद वाटले; ते कुणी काढले, हे सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही.

शुक्रवारी पहाटेपासून आक्का मागच्या सोवळ्याच्या चुलीशी होती. पुरण शिजवायला विधवा चालते. ते वाटायलाही चालते. पुरणाचे दिवे करून पेटवायचे झाले की मात्र तिने मागेच थांबायचं. हा शास्त्राचा न्याय, त्यात आपण काय बोलणार! माजघरात भिंतीला जिवती डकवली होती. आघाड्याची माळ घातली होती. तिसऱ्या प्रहरी हळदीकुंकवाला बायका जमल्या. शास्त्रीबुवांची सूनही आली. तिला दिवस होते. आधीची दोन मुलं तिच्या मांडीवर गेली होती, म्हणून ती यंदा डोळ्यांत प्राण आणून जिवतीची पूजा करत होती.

थोरल्या काकू म्हणून शास्त्रीबुवांची म्हातारी चुलती होती, आळीतली सगळ्यांत जुनी सवाष्ण. दिसायचं कमी, म्हणून त्या भिंतीला नाक लावून बघू लागल्या. आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई! ही तर आपली सुमी! केस होते तेव्हाची. भुवई बघा की, तस्शी तुटलेली! हरीने काय हुबेहूब काढलीय गं!"

म्हातारीच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती कौतुकच करत होती. पण भिंतीपुढच्या बायका एक एक पाऊल मागे सरकल्या. मग शास्त्रीबुवांची सून हुंदका देऊन खाली बसली. "मी सकाळी हिलाच पुजलं... हिच्याच पुढे ओटी भरली..." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि दोन्ही हातांनी पोट झाकत होती. तिला दोष कोण देईल? दूध-साखर तशीच टाकून बायका उठल्या. लक्ष्मीने भिंतीवरचा कागद ओरबाडून काढला आणि न्हाणीच्या बंबात घातला.

दिवेलागणीला शास्त्रीबुवा चारजणांना घेऊन ओसरीवर आले. हरिहर नुकताच गाडीवरून येऊन पाय धूत होता. लक्ष्मीने त्याला आत बोलवून दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं, त्यातलं शेवटचं वाक्य होतं, "पोरीचं लग्न आहे, जपून बोलायचं."

शास्त्रीबुवा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हरिहर, एकच विचारतो," ते म्हणाले. "माझी सून घरी अंथरुणाला खिळलीय. हे तुझ्या हातून नकळत झालं, की समजून उमजून केलंस?"

खरं उत्तर फार लांब नव्हतं. माझ्या बहिणीने मला चित्र काढायला शिकवलं, माझ्या लेखी देवीचं तोंड तेच आहे, मी ते ओळखलं आणि तसंच राहू दिलं. हरिहरच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण त्याला पंगतीच्या टोकाचं पान दिसलं, मार्गशीर्ष दिसला, त्या चारजणांचे मिटलेले ओठ दिसले. नकळत झालं म्हणावं, तर प्रायश्चित्त पुन्हा त्यालाच. एडनहून तो बाटूनच आला, असं म्हणायला लोक टपलेलेच होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मला बायकांच्या देवाचं काय कळतंय?" तो म्हणाला. "आक्काच म्हणाली, जिवतीला माझं तोंड दे. तिची हौस. मी थोरल्या बहिणीचा शब्द मोडला नाही, एवढाच माझा अपराध."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि वाटलं, जमीन दुभंगावी. अजून वेळ होता. अजून तो म्हणू शकला असता की खोटं बोललो. तेवढ्यात आतल्या दाराची कडी हलली. आक्का उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, पदर नाकापर्यंत ओढून. हाताला पुरण लागलेलं होतं.

"सुमती, हा म्हणतो ते खरं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

आक्काने भावाकडे बघितलंसुद्धा नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "मीच सांगितलं त्याला. माझीच बुद्धी फिरली."

ओसरीवरच्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. दोष कुणावर घालायचा हा प्रश्न मिटला होता, आणि तो जिच्यावर गेला होता तिच्याकडून काढून घेण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. तरी शास्त्रीबुवांनी जे होतं ते काढलं. चातुर्मास संपेपर्यंत सुमतीने एकभुक्त राहावं, मागच्या पडवीत निजावं, आणि घरातल्या लेकरांना शिवू नये, त्यांचं रांधू नये, वाढू नये. हरिहर एडनला असताना ती लेकरं तिनेच वाढवली होती. धाकट्याला तिच्याशिवाय झोप येत नसे. हरिहर मान खाली घालून उभा राहिला, आणि जाताना शास्त्रीबुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला गेला. पहिल्या शुक्रवारची खेप सगळी आळीतच गेली होती. परशुरामपंतांनी आधी शिव्या दिल्या, मग पुढच्या शुक्रवारांसाठी ठेवलेले उरलेले कागद खाडीत सोडायला दिले. आळीतले कागद शास्त्रीबुवांनी सकाळीच गोळा करून पाण्यात सोडले होते. राहिला दगड. वाळू आणि पाणी टाकून, दुसऱ्या दगडाने घासून तो हरिहरनेच साफ केला. दुसऱ्या कुणी तिच्या तोंडावर वाळू घासलेली त्याला बघवली नसती. ही त्याची माया, आदल्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. तो सगळा वेळ तिच्या डोळ्यांकडे बघत होता. ते गेले, मग दगड कोरा झाला आणि परशुरामपंतांनी त्यावर पंचांग घ्यायला सांगितलं.

उतरत्या उन्हात तो घरी आला. आक्का परसात विहिरीशी पितळेची भांडी घासत होती. धाकटा पोरगा मागच्या दाराशी उभा राहून रडत होता, लक्ष्मी त्याला धरून होती, आणि आक्का मान वर न करता घासतच होती. लक्ष्मीने पोराला उचलून आत नेलं, तेव्हा हरिहर पुढे झाला.

"आक्का," तो म्हणाला. "आक्का, मी... मला लाज वाटते गं."

"वाटू दे की," आक्का म्हणाली. रागाने नव्हे, भांड्याला चिंच कमी पडली तर म्हणावं, तशी. "पोरीचं लग्न होऊन जाईल नीट. ते महत्त्वाचं."

"मी शास्त्रीबुवांकडे जातो. खरं काय ते सांगतो."

"आणि मी खोटं बोलले ते? ते कुठे ठेवशील?" ती म्हणाली. "बस तिथे. पाणी ओढू नकोस, मी ओढते."

तो पायरीवर बसला. तिने आणखी दोन भांडी घासली. मग हात थांबवून, इकडेतिकडे कुणी नाही असं बघून तिने हळूच विचारलं,

"हरी, थोरल्या काकू खरंच म्हणाल्या का रे, हुबेहूब आहे म्हणून? चुलीशी ऐकू आलं मला, पण पुरतं नाही आलं."

हरिहरने कालचा दिवस मनाशी जुळवून पाहिला. कागद लक्ष्मीने डकवला माजघरात, आणि ही दिवसभर चुलीशी. बायका गेल्या तेव्हा कागद बंबात होता. आक्काने ते चित्र पाहिलंच नव्हतं. जे तिने सांगितलं म्हणून काल कबूल केलं, ते कसं दिसतं हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं, आणि आता जगात त्याची एक प्रत नव्हती.

"म्हणाल्या, असं लक्ष्मी सांगत होती," तो कसाबसा म्हणाला. "केस होते तेव्हाची, असं म्हणाल्या."

"केस काढले होतेस?" तिचा राखेचा हात नकळत डोक्यावरच्या पदराकडे गेला आणि परत आला. "लांब?"

"लांब."

"आणि मांडीवर मूल असतं जिवतीच्या. ते होतं?"

"होतं."

"कुणासारखं काढलं होतंस रे ते?"

हरिहरने आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. आक्काच्या तोंडाशी तो इतका रमला होता की मुलं त्याने शेवटी, गाडीची वेळ झाली म्हणून, भराभर उरकली होती. सगळ्यांना सारखीच गोल तोंडं. मांडीवरच्याला नाक तरी होतं का, तेही त्याला आठवेना. आक्का वाट बघत होती.

"तुझ्यासारखं," तो म्हणाला. "तस्संच. हनुवटीला खळी होती."

ते त्याचं दुसरं खोटं. आणि तेही आक्काने, मान हलवून, कालच्यासारखंच खरं करून घेतलं.